घरातल्या पडद्याला हवीत दोन कुलपे
ओटीटी खात्यांवर मुलांसाठी 'चाइल्ड लॉक' आणि पैशांसाठी खरेदीचे संरक्षण कसे करावे

दूरचित्रवाणीवर कोणता कार्यक्रम किती वाजता लागणार हे वाहिनी ठरवत असे, त्या काळात घरातील मुलांनी काय पाहावे हा प्रश्न बऱ्याच अंशी घड्याळच सोडवत होते. रात्रीची जेवणे आटोपून मुले झोपली, की मोठ्यांचे कार्यक्रम सुरू होत. इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका घरपोच देणाऱ्या, सर्रास 'ओटीटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवांनी हे घड्याळच मोडीत काढले. रात्री अकरा वाजता आईवडिलांसमोर जी यादी असते, तीच दुपारी चार वाजता शाळेतून घरी आलेल्या आठ वर्षांच्या मुलासमोरही असते. रिमोटही तोच असतो.

याच पडद्याने आता दुकानाचेही रूप घेतले आहे. नवा चित्रपट भाड्याने घेणे, मूळ वर्गणीत नसलेली एखादी वाहिनी जोडणे, आठवड्याभराच्या 'मोफत' योजनेला होकार देणे, खेळातील नाणी विकत घेणे, हे सारे रिमोटच्या दोन-तीन बटणांत उरकते. मुलाच्या दृष्टीने 'प्ले' आणि 'रेंट' ही शेजारशेजारची दोन बटणे असतात. त्यातले एक दाबले की वडिलांच्या खात्यातून पैसे जातात, याची जाणीव त्याला असतेच असे नाही.

त्यामुळे पालकांपुढे प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न आहेत. मूल काय पाहते हा पहिला आणि मूल काय विकत घेऊ शकते हा दुसरा. अनेक घरांत 'किड्स' नावाचे प्रोफाईल तयार केले, की काम झाले असे मानले जाते. मात्र त्या प्रोफाईलच्या शेजारी आईबाबांचे प्रोफाईल कुलूप न लावता उघडे असेल आणि खरेदीसाठी पिन विचारला जात नसेल, तर दोन्ही दारे उघडीच राहतात.

नियम काय सांगतो?

चित्रपटगृहात 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटासाठी दारावरचा माणूस मुलांना अडवतो. वाहिन्यांसाठी केबल टेलिव्हिजनच्या कार्यक्रम संहितेत, मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे बंधन आहे. ओटीटीच्या बाबतीत दारावर माणूसही नाही आणि ठरावीक वेळही नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नवे नियम अधिसूचित केले. त्यांत या सेवांवरील साहित्याचे वयोगटानुसार पाच वर्ग सांगितले आहेत : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू/ए १३+ आणि त्यावरील साहित्यासाठी पालकांना कुलूप लावता येण्याची सोय द्यावी आणि 'ए' वर्गासाठी वयाच्या पडताळणीची विश्वासार्ह व्यवस्था ठेवावी, अशी अपेक्षाही त्यांत आहे. चित्रपटगृहांतील जुना 'यूए' वर्गही सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ७+, १३+ आणि १६+ असा विभागला गेला. त्यामुळे दोन्हीकडची भाषा आता सारखी झाली आहे.

या चिन्हांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. 'यू/ए १३+' म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांना बंदी, असा अर्थ नाही. तेरा वर्षांखालील मुलांनी ते पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे शेवटचा निर्णय घरातच घ्यायचा असतो. दुसरी गोष्ट अशी, की चित्रपटगृहातील प्रमाणपत्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देते, तर ओटीटीवरील मालिकांचे वर्गीकरण ती सेवा स्वतःच करते. त्यामुळे एका सेवेचा '१३+' आणि दुसऱ्या सेवेचा '१३+' तंतोतंत सारखा असेलच असे नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोपऱ्यात वयोगटासोबत हिंसा, शिवराळ भाषा, मादक पदार्थ, लैंगिक दृश्ये असे शब्द झळकतात. नुसत्या आकड्यापेक्षा त्या शब्दांवरून अधिक कळते. एखाद्या बारा वर्षांच्या मुलाला शिवराळ भाषेने फारसा फरक पडणार नाही, पण भीतिदायक दृश्याने त्याची झोप उडेल. हे आकडा सांगू शकत नाही, पालकच सांगू शकतात.

नियमाने कुलूप देण्याची जबाबदारी सेवेवर टाकली आहे. ते लावण्याचे काम मात्र पालकांचेच आहे. मोठ्यांची प्रोफाईल्स सुरुवातीला उघडीच असतात आणि कोणी मुद्दाम बंद करेपर्यंत ती तशीच राहतात.

पहिले कुलूप : पाहण्यावर

नेटफ्लिक्स ही सेवा भारतात जानेवारी २०१६ मध्ये आली. तिच्या खात्यात प्रत्येक प्रोफाईलसाठी वयोमर्यादा स्वतंत्रपणे ठरवता येते. खात्याच्या पानावर, म्हणजे 'अकाउंट'मध्ये जाऊन मुलाचे प्रोफाईल निवडावे आणि तेथील 'पॅरेंटल कंट्रोल्स'मध्ये वर्ग ठरवावा. हा बदल करताना खात्याचा पासवर्ड विचारला जातो. तेथेच एखाद्या विशिष्ट चित्रपटाचे किंवा मालिकेचे नाव लिहून ती त्या प्रोफाईलमधून पूर्णपणे वगळता येते. वयोगटात बसणारी, पण पालकांना न रुचणारी एखादीच मालिका असेल, तर ही सोय फार उपयोगी पडते.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात. मुलांच्या प्रोफाईलमधून बाहेर पडून शेजारच्या मोठ्यांच्या प्रोफाईलवर जाणे हे दोन बटणांचे काम आहे. म्हणून खरे कुलूप मोठ्यांच्या प्रोफाईलला लावावे लागते. 'प्रोफाईल लॉक'मध्ये चार आकडी पिन ठेवता येतो. खातेदाराच्या प्रोफाईलला पिन लावताना, नवे प्रोफाईल तयार करण्यासाठीही हाच पिन लागेल, असा पर्याय मिळतो. तो निवडला नाही, तर हुशार मूल स्वतःसाठी मोठ्यांचे एक नवेच प्रोफाईल तयार करून मोकळे होते. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोयही प्रोफाईलनिहाय बंद करता येते. 'अजून एकच भाग' हा वाद काही प्रमाणात त्यामुळे टळतो.

प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६ पासून भारतात आहे. येथे खात्याच्या सेटिंग्जमधील 'पॅरेंटल कंट्रोल्स' विभागात पाच आकडी पिन ठरवावा लागतो. त्यानंतर कोणत्या वयोगटापर्यंतचे साहित्य पिनशिवाय दिसावे हे निवडता येते. त्यापुढील काहीही लावायचे झाल्यास पिन विचारला जातो. हे बंधन कोणत्या उपकरणांवर लागू व्हावे, याचीही निवड तेथे करायची असते. फोनवर बंधन आहे आणि दिवाणखान्यातील टीव्हीवर नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवू शकते. टीव्हीला फायर टीव्ही स्टिक जोडलेली असेल, तर तिची स्वतःची स्वतंत्र सेटिंग्ज आहेत. 'सेटिंग्ज', मग 'प्रेफरन्सेस' आणि त्यात 'पॅरेंटल कंट्रोल्स' असा तो मार्ग आहे. तेथे कार्यक्रम पाहणे, ॲप उघडणे आणि खरेदी करणे, या तिन्हींवर पिन लावता येतो.

जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार यांच्या विलीनीकरणातून १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार ही सेवा सुरू झाली. तेथेही मुलांचे प्रोफाईल आणि पॅरेंटल लॉकची सोय आहे. क्रिकेट सामन्यासाठी म्हणून घेतलेली ही वर्गणी पुढे वर्षभर घरात चालू राहते आणि कुलूप लावायचे राहून जाते. त्यामुळे वर्गणी भरण्याच्या दिवशीच हे काम उरकलेले बरे.

यूट्यूबचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथील बहुतांश चित्रफिती सर्वसामान्य लोकांनी टाकलेल्या असतात आणि त्यांच्यावर वयोगटाचे चिन्ह नसते. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे स्वतंत्र ॲप आहे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे गट निवडता येतात, शोध घेण्याची सोय बंद ठेवता येते आणि पालकांनी स्वतः निवडलेल्या चित्रफितीच दिसतील अशीही व्यवस्था करता येते. त्याहून मोठ्या मुलांसाठी पालकांच्या खात्याला जोडलेले, देखरेखीखालील खाते उघडता येते. मोठ्यांच्या यूट्यूबवर जो 'रिस्ट्रिक्टेड मोड' असतो, तो केवळ त्या ब्राउझरपुरता किंवा त्या उपकरणापुरता चालतो. फोनवर तो सुरू केला म्हणून टीव्हीवर सुरू होत नाही. शिवाय टीव्हीवरील यूट्यूब खात्यात प्रवेश न करताही, 'गेस्ट' म्हणून वापरता येते. पालकांनी केलेली सारी मांडणी त्या वेळी बाजूला पडते.

दुसरे कुलूप : पैशांवर

ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत भारतीय ग्राहकाला एक कवच आहे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांसाठी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून बंधनकारक केली आहे. कार्डाचा क्रमांक खात्यात साठवलेला असला तरी ओटीपीची पायरी त्यामुळेच येते. परदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना हे कवच नाही. अमेरिकेत साठवलेल्या कार्डावरून ओटीपीविना पैसे वजा होणे ही नित्याची बाब आहे. त्याचा फटका तेथील पालकांना किती बसला, हे गेल्या दशकातील काही प्रकरणांवरून कळते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या ॲपमधील खरेदीबद्दल तीन बड्या कंपन्यांवर कारवाई केली. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याची तयारी दाखवली. ॲमेझॉनविरुद्धचा खटला जुलै २०१४ मध्ये दाखल झाला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि २०१७ मध्ये ७ कोटींहून अधिक डॉलरच्या परताव्याचा मार्ग मोकळा झाला.

या प्रकरणांतील तांत्रिक तपशील आजही बोधप्रद आहे. ॲपलच्या व्यवस्थेत पालकांनी एकदा पासवर्ड दिला, की पुढची १५ मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे. गुगलच्या बाबतीत ही मुदत ३० मिनिटांची होती. एका खेळासाठी वडिलांनी पासवर्ड टाकून फोन मुलाच्या हाती दिला, की त्या अवधीत कितीही खरेदी होऊ शकत असे. ॲमेझॉनच्या ॲप दुकानात २०११ मध्ये ही सोय सुरू झाली, तेव्हा पासवर्डच लागत नव्हता. पुढे २०१२ मध्ये २० डॉलरवरील खरेदीसाठी तो लागू झाला. त्याखालील लहान लहान रकमा मात्र तशाच जात राहिल्या. कुलूप असणे पुरेसे नसते, ते किती वेळ उघडे राहते आणि कोणत्या रकमेपासून लागते हेही पाहावे लागते, हा त्यातला धडा.

भारतातील ओटीपीच्या कवचालाही चार भगदाडे आहेत.

पहिले भगदाड फोनच्याच रूपाने आहे. ओटीपी ज्या फोनवर येतो, तोच फोन बहुधा मुलाच्या हातात असतो. संदेश पडद्यावर वरच झळकतो आणि अनेक ॲप्स तो आपोआप वाचून भरतात. पालकांचा जुना फोन मुलाला वापरायला दिला जातो, तेव्हा त्यात पालकांचा ईमेल आणि सारी खाती चालूच असतात. ओटीपी ईमेलवरही येत असेल, तर सिमकार्ड काढून घेतल्यानेही प्रश्न सुटत नाही.

दुसरे भगदाड शिल्लक रकमेचे. वॉलेटमध्ये किंवा गिफ्ट कार्डाच्या रूपाने खात्यात जमा असलेले पैसे खर्च करताना बहुधा ओटीपी विचारला जात नाही. यूपीआय लाइटमध्येही हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही. एक चित्रपट भाड्याने घेण्याइतकी रक्कम या मर्यादेत सहज बसते.

तिसरे भगदाड बोटाच्या ठशाचे. सोयीसाठी फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसाही नोंदवलेला असतो. खरेदीची पडताळणी ठशाने होत असेल, तर फोनच्या लेखी आईचा ठसा आणि मुलाचा ठसा यांत काहीच फरक नसतो.

चौथे आणि सर्वांत मोठे भगदाड म्हणजे 'ऑटोपे'. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

हे लक्षात घेऊन प्रत्येक सेवेतील खरेदीचा पिन वेगळा लावावा लागतो. नेटफ्लिक्समध्ये चित्रपट भाड्याने मिळत नाहीत, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा येत नाही. प्राइम व्हिडिओवर मात्र सप्टेंबर २०२१ पासून इतर सेवांच्या वाहिन्या जोडण्याची आणि एप्रिल २०२२ पासून चित्रपट भाड्याने घेण्याची सोय आहे. पालकांनी भरलेल्या प्राइमच्या वर्गणीत हे सारे येत नाही. तेथील 'पॅरेंटल कंट्रोल्स' विभागातच खरेदीसाठी पिन विचारण्याचा पर्याय आहे. पाहण्यावरचे बंधन लावले म्हणून तो आपोआप सुरू होत नाही.

अँड्रॉइड फोनवर गुगल प्ले ॲपच्या सेटिंग्जमध्ये खरेदीपूर्वी पडताळणी कधी करावी हे ठरवता येते. तेथे प्रत्येक खरेदीच्या वेळी पडताळणी व्हावी, असाच पर्याय निवडावा. ही निवड त्या उपकरणापुरती असते, म्हणून घरातील प्रत्येक फोन, टॅबलेट आणि अँड्रॉइड टीव्हीवर ती स्वतंत्रपणे तपासावी. गुगलच्या 'फॅमिली लिंक' या सोयीद्वारे मुलाचे खाते पालकांच्या खात्याला जोडले, तर खरेदीची विनंती मंजुरीसाठी पालकांच्या फोनवर येते. आयफोन आणि आयपॅडवर 'स्क्रीन टाइम'मधील निर्बंधांच्या विभागात ॲपमधील खरेदी पूर्णपणे बंद करता येते. कुटुंबाची खाती एकत्र जोडली असतील, तर 'आस्क टू बाय' हा पर्याय सुरू करावा. मुलाने काहीही घ्यायचे ठरवले, की त्याची विचारणा पालकांकडे येते.

'ऑटोपे'चा हिशेब

ओटीटीची वर्गणी बहुतेक घरांत आता आपोआप भरली जाते. कार्डावरून होणाऱ्या अशा नियमित वजावटींसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाली. यूपीआयवर ऑटोपेची सोय जुलै २०२० मध्ये आली. या चौकटीनुसार संमतीची पहिली नोंदणी आणि पहिला व्यवहार यांना ओटीपी किंवा पिन लागतो. त्यानंतरच्या, जून २०२२ पासून १५ हजार रुपयांपर्यंतच्या, वजावटींना तो लागत नाही. मात्र पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. त्या सूचनेत कोणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे लिहिलेले असते आणि नकार देण्याचा मार्गही दिलेला असतो.

हा संदेश जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, ही खरी अडचण आहे. एखाद्या वाहिनीची 'सात दिवस मोफत' योजना मुलाने सुरू केली आणि त्या क्षणी आईने घाईत ओटीपी सांगून टाकला, तर आठव्या दिवसापासून दरमहा पैसे जाऊ लागतात. पुढे कोणी विचारतही नाही. ओटीपीचा संदेश येतो तेव्हा त्यातील आकड्यांआधीचा मजकूर वाचावा. रक्कम एक-दोन रुपयेच दिसत असली, तरी ती पुढील नियमित वजावटीची संमती असू शकते.

बदलत्या रकमेसाठी संमती देताना कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. दरमहा दोनशे रुपयांच्या वर्गणीसाठी पाच हजारांची मर्यादा ठेवण्याचे काहीच कारण नाही. यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात आणि बँकेच्या संकेतस्थळावर चालू संमतींची यादी दिसते. तीन महिन्यांतून एकदा ती डोळ्यांखालून घालावी. फोनवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. वर्गणी ज्या मार्गाने घेतली त्याच मार्गाने बंद करावी लागते. गुगल प्लेमधून घेतली असेल तर तेथून, मोबाइल कंपनीच्या योजनेतून आली असेल तर त्या कंपनीकडून आणि थेट घेतली असेल तर त्या सेवेच्या संकेतस्थळावरून.

वर्गणीच्या जाळ्यात ग्राहकाला अडकवणे हा आता नियमभंगही ठरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्या सांगितल्या आहेत. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे, संमती न घेता बिलात वस्तू घुसडणे, 'आत्ताच घ्या' अशी खोटी घाई निर्माण करणे, या साऱ्यांचा त्यांत समावेश आहे.

पैसे गेलेच तर...

मुलाने अनवधानाने काही विकत घेतल्याचे कळल्यावर पहिले काम म्हणजे तो चित्रपट किंवा ती वस्तू न वापरणे. भाड्याने घेतलेला चित्रपट पाहायला सुरुवात केली नसेल, तर व्यवहार रद्द होण्याची शक्यता असते. एकदा तो सुरू झाला की ती जवळपास संपते. दुसरे काम म्हणजे त्याच दिवशी खात्यातील खरेदीच्या नोंदींमध्ये जाऊन परताव्याची मागणी करणे. मुलाने चुकून खरेदी केली, हे कारण स्पष्टपणे लिहावे. उशीर केल्यास बाजू कमकुवत होते.

अशा वेळी रागाच्या भरात थेट बँकेकडे फसवणुकीची तक्रार करण्याचा मोह होतो. परंतु घरातल्याच मुलाने, घरातल्याच फोनवर आलेला ओटीपी वापरून केलेला व्यवहार आणि भामट्याने केलेली चोरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात सेवेच्या ग्राहक कक्षाकडे आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाणे योग्य. खात्याचा ताबाच अनोळखी माणसाने घेतला असेल, 'वर्गणी संपली' अशा खोट्या संदेशातील दुव्यावर कार्डाचा तपशील दिला गेला असेल, तर मात्र विलंब न करता बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अशा प्रसंगी खात्याचा पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्यायही लगेच वापरावा.

पिन कोणता आणि कोणाला ठाऊक?

एवढी सारी तयारी चार आकड्यांवर उभी असते आणि ते चार आकडे पुष्कळ घरांत १२३४ किंवा मुलाचे जन्मवर्ष असतात. टीव्हीच्या पडद्यावर रिमोटने पिन टाकताना प्रत्येक आकड्यावर सरकणारी खूण सोफ्यावर बसलेल्या मुलाला स्पष्ट दिसते. शक्य असेल तेथे बदल फोनवरून किंवा संगणकावरून करावेत, पिन मुलांसमोर टाकू नये आणि सर्व सेवांना एकच पिन ठेवू नये. फोन उघडण्याचा पिन आणि यूपीआयचा पिन तर यांपैकी कशाशीही जुळता कामा नये. आजी-आजोबांनाही ही व्यवस्था समजावून सांगावी. दुपारी नातवंडे त्यांच्याच ताब्यात असतात आणि नातवाच्या हट्टापुढे पिन सांगून टाकण्याचा प्रसंगही त्यांच्यावरच येतो.

सर्व कुलपे लावून झाल्यावर ती प्रत्यक्ष तपासून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. टीव्ही बंद करून पुन्हा सुरू करावा आणि रिमोट हातात घेऊन मुलाने जे केले असते तेच करून पाहावे. मोठ्यांचे प्रोफाईल उघडून पाहावे, नवे प्रोफाईल तयार होते का ते पाहावे, प्रौढांच्या एखाद्या मालिकेचे नाव शोधून पाहावे आणि भाड्याच्या चित्रपटावर 'रेंट'चे बटण दाबून पिन विचारला जातो का हे तपासावे. हेच घरातील प्रत्येक फोन आणि टॅबलेटवर करावे. जेथे पिन विचारला जात नाही, तेथे काम अपुरे राहिले आहे असे समजावे.

कुलूप कितीही पक्के असले, तरी ते घरापुरतेच असते. शेजारच्या मित्राकडे, शाळेच्या बसमध्ये कोणाच्या तरी फोनवर मूल पालकांनी वगळलेली मालिका पाहू शकते. म्हणूनच काय बंद केले आहे आणि का, हे मुलाला सांगितलेले बरे. सात वर्षांच्या मुलाला 'हे बटण दाबले की बाबांचे पैसे जातात' एवढे पुरते. बारा वर्षांच्या मुलाला महिन्याची वर्गणी किती आणि ती कोठून जाते, हे बँकेच्या संदेशासह दाखवता येते. वयाबरोबर बंधनेही बदलायला हवीत. आठव्या वर्षी लावलेली '७+'ची मर्यादा चौदाव्या वर्षीही तशीच राहिली, तर मूल ती मोडण्याचा मार्ग शोधणारच. मुलाच्या दर वाढदिवसाला सेटिंग्ज उघडून, त्याला शेजारी बसवून एक-एक मर्यादा पुन्हा ठरवावी. पाहण्यावरचे कुलूप असे टप्प्याटप्प्याने सैल करता येते. पैशांवरचे कुलूप मात्र मूल स्वतः कमवू लागेपर्यंत तसेच राहू द्यावे आणि त्याचा पिन पालकांच्याच लक्षात असावा.